दुरुस्ती आधी, चूक नंतर

ती घटना मी घरात कधी सांगितली नाही, विसरलोही नाही. तेव्हा दिल्लीतल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. हद्दीतल्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये एक मराठी तरुणी पंख्याला लटकलेली सापडली. रात्री घरी परतलेल्या नवऱ्यानेच फोन केला. तो प्रोग्रामर होता.

दुसऱ्या दिवशी नागपूरहून तिची थोरली बहीण आली. "साहेब, ती त्याला सोडून माझ्याकडे येणार होती. तिकीट काढलं होतं तिने. ती जीव कशाला देईल?"

आधी गळा आवळून मग लटकवल्याचं शवविच्छेदनात निष्पन्न झालं. मृत्यू दुपारचा. नवऱ्याला चौकशीला बोलावलं.

"साहेब, मी दुपारभर गाझियाबादला मित्राच्या रिकाम्या फ्लॅटवर काम करत होतो. लॅपटॉप बघा ना."

फोनचं लोकेशन तिथलंच होतं. लॅपटॉपवर दुपारभराच्या कामाच्या नोंदी होत्या, प्रत्येकीपुढे वेळ. तो रडत होता. माझा हवालदार हळूच म्हणाला, "सर, ये तो साफ़ है."

फोन माणसाशिवायही एका जागी राहू शकतो, म्हणून मी त्या नोंदी त्याच्या कंपनीतल्या सहकारी मुलीला दाखवल्या. तिने सांगितलं, ही वेळ त्याच्याच लॅपटॉपच्या घड्याळाची असते. घड्याळ मागे केलं की नोंदही मागची पडते. वाचता वाचता ती थांबली.

"सर, प्रोग्राममधली ही चूक मला संध्याकाळी पाचला सापडली. लगेच मी त्याला मेसेज केला. कंपनीच्या सर्व्हरवर वेळेसकट आहे तो. मग दुरुस्ती दुपारी दोनची कशी?"

नोंद आणि मेसेज, दोन्हींचे छापील कागद मी त्याच्यासमोर ठेवले. "चूक सापडायच्या आधीच दुरुस्त केलीस?"

त्याचं रडणं तिथेच थांबलं.

"मेसेज आला आणि... सवयीने करून टाकलं."

लॅपटॉपचं घड्याळ मागे फिरवल्याच्या खुणाही पुढे तपासात मिळाल्या. रागाच्या भरात हातून घडलं, हा बचाव न्यायालयात टिकला नाही. जन्मठेप झाली.

निकालानंतर बहिणीने मला गाठलं. "म्हणजे तिला मारून तो काम करत बसला होता?"

"हो, ताई."

"आणि काम बरोबर केलं होतं?"

मी होकारार्थी मान हलवली. ती न्यायालयाबाहेरच्या बाकावर बसली.

खून करणाऱ्याचे हात नंतर थरथरतात, असं मी नोकरीभर समजत आलो होतो. त्या दिवसापासून ते समजणं सोडून दिलं. तिच्या बाजूला बसलो.