वावटळीच्या बाजूने

आधीच माफी मागते. माझं शिक्षण चौथीपर्यंत, अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, आणि कुठली वेलांटी कुठे द्यायची हे आजही मी अंदाजानेच ठरवते. हे कुणी वाचणार नाही, त्यामुळे माफी नक्की कुणाची मागतेय तेही मला माहीत नाही. पण मागून ठेवलेली बरी.

या वर्षी मला साठ पूर्ण झाली. आम्ही दोघं दर वर्षी सहा महिने इंग्लंडात, मेडनहेडला मुलाकडे येतो, आणि वाढदिवस नेमका आमच्या परतीच्या आधी पडत होता. मुलाने ठरवलं, आईची एकसष्टी इथेच करायची. घरामागच्या बागेत मोठा पांढरा मांडव घालायचा, नॉटिंगहॅमपासून साउथहॅम्प्टनपर्यंतची सगळी ओळखीची माणसं बोलवायची, एकसष्ट दिव्यांनी औक्षण करायचं. इथवर ठीक होतं. पुढे तो म्हणाला, "आणि शेवटी आईचं मनोगत!"

माझ्या हातातली पोळी तव्यावर न पडता शेगडीवर पडली.

मी चार माणसांत बोलत नाही. लग्नकार्यात मी स्वयंपाकघरात सापडते आणि स्वयंपाकघर नसेल तर सापडतच नाही. मागे एकदा इथल्या मंडळाच्या हळदीकुंकवाला कुणीतरी माझ्या हातात माईक दिला होता. मला काहीच सुचेना. मी म्हटलं, "जेवून घ्या." तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. सगळ्या बायका हसल्या, आणि तेव्हापासून माईक दिसला की मी चपला शोधते.

त्यातून आमच्या ह्यांनी भाषण लिहायला घेतलं. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून ह्यांना बोलायला माणसं पुरत नाहीत. चार पानी भाषण रोज न्हाणीघरात मोठ्याने म्हणायचे. त्यात मी 'त्यागमूर्ती' होते. त्याच आठवड्यात डब्यातली शेवटची बाकरवडी कुणी खाल्ली यावरून आमचं भांडण झालं होतं, आणि ती मी खाल्ली होती.

"अहो, त्यागमूर्ती काढा ना तेवढं."

"अगं, तिथे टाळ्या आहेत. टाळ्यांची जागा कशी काढणार?"

मी देवाला सांगून पाहिलं. देव काही करील असं वाटत नव्हतं, कारण गुरुजी ठरले होते. आणि मग वाढदिवसाच्या आठवड्यात मुलगा मोबाइल हातात घेऊन खाली आला, चेहरा पांढराफटक.

"रविवारी वादळाची वॉर्निंग आहे. टोर्नेडो होऊ शकतात. एक नाही, बरेच."

"इथे?" हे म्हणाले. "अरे, या देशात ऊनसुद्धा परवानगी घेऊन पडतं."

सून हॉस्पिटलात डॉक्टर आहे, ती सहसा घाबरत नाही. ती म्हणाली, "अरे, इथले टोर्नेडो कुंड्या पाडतात आणि निघून जातात."

"तू पाहिलेलं नाहीस," मुलगा म्हणाला. तो दोन वर्षं अमेरिकेत कामाला होता. तिथे भोंगा वाजला की सगळं ऑफिस बाथरूममध्ये जाऊन बसायचं. एकदा तो आणि त्याचा साहेब एकाच बेसिनखाली बसले होते. तेव्हापासून आभाळ जरा काळं झालं की तो बेसिन बघून ठेवतो.

मी खालमानेने कणीक मळत होते. पण मनात म्हटलं, ये बाई, ये. आमच्याकडे तिला वावटळ म्हणतात. लहानपणी आम्ही तिच्या मागे पळायचो, नाकातोंडात माती जाईपर्यंत. तिने कधी कुणाची एकसष्टी मोडल्याचं ऐकलं नव्हतं, पण सुरुवात करायला काय हरकत होती?

अडचण पैशांची होती. मांडवाचे पैसे आगाऊ भरले होते. आपण रद्द केलं तर ते बुडाले. मांडववाल्यांनी स्वतः रद्द केलं तर सगळे परत. त्यामुळे मुलगा रोज त्यांना फोन करून विचारायचा, "रविवारी वारा आहे, तुम्हाला काय वाटतं?" आणि ते म्हणायचे, "बघू या. तुम्हाला काय वाटतं?" दोघंही एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलेले.

तेवढ्यात वादळाची तयारी सुरू झाली. मुलाने जिन्याखालचं कपाट रिकामं केलं. घराच्या मधोमध, खिडकी नसलेली तेवढी एकच जागा होती. तिथून केर ओढायचा हूवर निघाला, इस्त्रीचं टेबल निघालं, आणि मी मागच्या वर्षी ठेवलेल्या कुरडयांचा डबाही निघाला. सून म्हणाली, "आई, या इथे होत्या?" मी म्हटलं, "वादळासाठीच ठेवल्या होत्या." आत टॉर्च आले, पाण्याच्या बाटल्या आल्या, चिवडा आला, सगळ्यांच्या सायकलच्या टोप्या आल्या. कचऱ्याचे डबे एकमेकांना दोरीने बांधले. कुंड्या आत आल्या, आणि त्यांच्याबरोबर गोगलगाई.

मुलगा जरा सैल पडतोय असं वाटलं की मी काहीतरी साधंसं विचारायचे.

"का रे, मांडवाचं कापड केवढं असतं?"

"मोठं असतं. का?"

"काही नाही. एवढं कापड वाऱ्याने फुगलं तर होडीच्या शिडासारखं होत असेल, नाही? आणि खाली आपली माणसं."

तो लगेच मोबाइल उघडायचा. मी पुन्हा भाजी चिरायला घ्यायचे. सुनेने एकदा माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. हुशार आहे पोरगी.

शुक्रवारी मांडववाला जागा बघायला आला. शनिवारी मांडव उभा राहायचा होता. सून ड्यूटीवर, हे लायब्ररीत पेपर वाचायला, मुलगा वरच्या खोलीत मीटिंगमध्ये. दार मलाच उघडावं लागलं. चांगला उंच, लाल मानेचा माणूस. मी बोटाने बागेची वाट दाखवली आणि आत पळाले.

खिडकीतून बघत होते. त्याने आभाळाकडे पाहिलं, कुंपणाकडे पाहिलं आणि मान हलवली. होकाराची! म्हणजे हा मांडव घालणार, आणि मी परवा माईक धरून उभी राहणार.

मग मी जे केलं ते मी कसं केलं मला अजून कळलेलं नाही. चहा केला, दूध घालून, सकाळचे बटाटेवडे गरम केले आणि ताट घेऊन बागेत गेले. लोकांपुढे बोलायला नको म्हणून मी परक्या माणसाशी इंग्रजीत बोलायला निघाले होते.

"बिग विंड," मी म्हटलं. "संडे. माय सन, अमेरिका. व्हेरी बिग."

तो हसला, वडा खाल्ला, दुसरा घेतला. मग मी त्याचा हात धरल्यासारखं करून त्याला कोपऱ्यात नेलं. तिथे मी रोज तांदूळ धुतलेलं पाणी ओतते आणि पाय टाकला की चिखल वर येतो, हे मला माहीत होतं. आठवडाभर पाऊसही होता. त्याने बुटाची टाच दाबली. पाणी आलं. त्याने दुसरीकडे टाच दाबली, जिथे मी काही ओतत नाही. तिथेही पाणी आलं. तो बराच भाग असा टाचेने तपासत फिरला आणि त्याचा चेहरा गंभीर झाला.

"युअर पार्टी?" त्याने विचारलं.

"यस."

"यू हॅपी?"

मी मान हलवली. नाही. आणि मुठीचा माईक करून तोंडापुढे धरला. "स्पीच."

तो इतका हसला की चहा बशीत सांडला. मग त्याने स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं, "माय वेडिंग," म्हणाला, आणि बाहेर उभ्या असलेल्या गाडीकडे बोट दाखवून, खांदे आकसून, लपून बसल्याचा असा काही अभिनय केला की मला सगळं कळलं. हा गडी स्वतःच्या लग्नात गाडीत लपला होता! एवढा मोठा माणूस. मला तर त्याला राखीच बांधावीशी वाटली.

त्याने फोन काढला. मला एवढंच कळलं, "नो. टू सॉफ्ट. वोन्ट होल्ड." खुंट्या धरणार नाहीत. मी चार वडे फॉइलमध्ये बांधून दिले. ती लाच नव्हती. लाच आधी देतात.

मुलगा मीटिंग संपवून खाली आला तेव्हा मी भांडी घासत होते.

"आई, त्यांनीच रद्द केलं! जमीन मऊ आहे म्हणे. सॉरी गं, तुझा कार्यक्रम..."

"असू दे रे," मी म्हटलं, आणि आवाज शक्य तेवढा पाडला. "नशिबात नसतं एकेकाच्या."

हे मात्र खरोखर खचले. चार पानं घडी करून खिशात ठेवली आणि जेवतानाही खिशावरचा हात काढला नाही. सुनेने सगळ्यांना फोन केले. नॉटिंगहॅमवाल्यांना तर सुटल्यासारखंच वाटलं असावं, कारण त्यांनी फारच पटकन हळहळ व्यक्त केली.

पण सून म्हणाली, "औक्षण घरात करू. त्याला मांडव कशाला?" हे मलाही पसंत होतं. रविवारी सकाळी मी गूळ घालून कणकेचे एकसष्ट दिवे उकडले. सुनेने मोठ्या परातीत ते मांडले, वाती घातल्या. मी पाटावर बसले. तेवढ्यात खिडकीबाहेर दुपारचंच एकदम तिन्हीसांजेसारखं झालं. मुलाचा मोबाइल कर्कश वाजला.

"आत! सगळे आत! बूट घाला!"

आम्ही पाचजण जिन्याखाली शिरलो. मुलगा, सून, मी, हे आणि सात वर्षांची नात. ह्यांच्या वाट्याला नातीची गुलाबी टोपी आली, वर युनिकॉर्नचं शिंग. सुनेने परात सोडली नव्हती. दार लावल्यावर मिट्ट काळोख झाला, आणि बाहेर असा आवाज सुरू झाला की कुणीतरी घराच्या भिंतीवरून पत्रा ओढत नेतंय.

"मुहूर्त टळायला नको," सून म्हणाली आणि काडेपेटी खुळखुळली.

"थांब!" मुलगा एवढ्याने ओरडला की वादळसुद्धा क्षणभर दचकलं असेल. "गॅसचा मीटर आहे इथे!"

खरंच होता. माझ्या कानाशी. एकसष्ट दिवे लावून आम्ही त्याला ओवाळणार होतो.

मग सुनेने मोबाइलचा टॉर्च लावून परातीत उभा केला आणि न पेटलेल्या दिव्यांनी मला ओवाळलं. परात फिरवायला जागा नव्हती, त्यामुळे तिने मलाच जरा डावी-उजवीकडे हलवलं. दुसऱ्या टॉर्चच्या उजेडात ह्यांनी खिशातून पानं काढली.

"बाबा, आत्ता?"

"आत्ता नाही तर कधी? सगळे बसलेत, दार बंद आहे." आणि शिंग सावरत त्यांनी सुरुवात केली.

दुसऱ्या पानावर नात म्हणाली, "आजोबा, हा गोष्ट किती लांब आहे?" ती तोवर परातीतले तीन दिवे खाऊन बसली होती.

'त्यागमूर्ती' आलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण हात हलवायला जागा नव्हती. पण ह्यांनी तो शब्द दोनदा वाचला, आणि मला काळोखात उगाचच बाकरवडी आठवली.

"आता आई, तू दोन शब्द," मुलगा म्हणाला.

म्हणजे वावटळीच्या पोटातही सुटका नव्हती! सगळ्यांचे श्वास ऐकू येत होते. मी घसा खाकरला.

"वारा थांबला वाटतं," मी म्हटलं आणि दार ढकलून बाहेर पडले. तेच माझं मनोगत.

वारा खरोखरच थांबला होता. सगळं पाच-दहा मिनिटांचं. शेजारच्यांच्या छपराची कौलं आमच्या वाफ्यात पडली होती, आणि त्यांचं अवाढव्य ट्रॅम्पोलिन कुंपणावरून येऊन आमच्या बागेच्या मधोमध उलटं पडलं होतं, जिथे मांडव उभा राहणार होता बरोबर तिथे. शेजारचे आजोबा चहाचा कप घेऊन कुंपणाशी आले आणि म्हणाले, जरा वारा सुटला, नाही?

मुलगा ट्रॅम्पोलिनकडे बघत होता. मीही बघत होते. तोवर मला ही सगळी गंमत वाटत होती, आणि त्या जागेवर दुपारी साठ-सत्तर माणसं जेवायला बसली असती.

"नेमकं माझ्या माईकच्या जागी," हे म्हणाले. टोपी अजून डोक्यावर होती.

पुढे पैशांचं सुरू झालं. मांडववाल्यांच्या ऑफिसने अर्धेच पैसे परत पाठवले आणि कळवलं की गिऱ्हाइकाने रद्द केलं. मुलगा भडकला. त्याने ट्रॅम्पोलिनचे फोटो पाठवले, फोन केले, मेल लिहिले. आणि एका संध्याकाळी वैतागून म्हणाला, "हे पैसे बुडाले ना, तर पुन्हा मी असला कार्यक्रम करणार नाही."

मी आमटी ढवळत होते. हात थांबला.

त्या दिवसापासून मी त्या ऑफिसच्या बाजूने झाले. माणसांनी आपल्या म्हणण्यावर ठाम राहावं, असं मला अगदी मनापासून वाटू लागलं. मुलगा फोनवर भांडत असला की मी मुद्दाम कुकरची शिट्टी करायचे. मध्येच सांगायचे, "जाऊ दे रे, एवढ्यासाठी कशाला जिवाला त्रास?" सून म्हणाली, "आई, तुम्ही किती समजूतदार आहात." पण ते म्हणताना ती हसत होती.

आणि घात केला तो त्या लाल मानेच्या देवमाणसाने. त्याने स्वतः ऑफिसात जाऊन सांगितलं की काम मीच रद्द केलं, बाईंच्या घरच्यांनी नाही, आणि वडे फार छान होते. वड्यांचं मुलाने मला दोनदा विचारलं. मी म्हटलं, पाहुण्याला रिकामं पाठवतात का?

आमच्या परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी मुलगा जिन्यावरून धावत खाली आला. लॅपटॉप उघडाच होता. त्यावर एका हॉलचा फोटो होता, जाड विटांच्या भिंतींचा, खिडक्या लहान, आणि पुढे व्यासपीठ. "पुढच्या वर्षी, आई! बासष्टावं लागलं तरी चालतं, गुरुजींना विचारलंय मी."

ह्यांचा हात खिशाकडे गेला.

"पण पैसे?" मी विचारलं.

"आले ना! आत्ताच आले. उरलेले सगळे. पै न् पै."