हळदीचं बोट

माझ्या साडूनं मला फसवलं. डाळिंबाच्या सालीचा रंग ठरला होता आणि त्यानं हळद गळ्यात मारली. हे पहिल्याच ओळीत लिहून ठेवतो, कारण आमच्या सासरवाडीत ही गोष्ट उलटी सांगतात, आणि ऐकणारा आधी माझ्याकडं बघून हसतो.

मी फसणारा माणूस नाही. निदान उमरग्यात तसा समज होता, आणि तो पसरवण्यासाठी मीच कष्ट घेतले होते. येरमाळ्याच्या यात्रेत जमिनीवर चादर अंथरून परकर विकण्यापासून मी सुरुवात केली. आता हायवेच्या कडेला माझी पत्र्याची शेड आहे, शिलाई मशिनी आहेत आणि दारावर पाटी आहे: ‘रंग गेला तर माल परत.’ कुणी शंका काढली की मी तोंडानं काही बोलत नसे. पाण्याची बादली पुढं ओढायची, धुण्याच्या साबणाची वडी काढायची आणि त्याच्यादेखत परकर खसाखसा घासायचा. पाणी स्वच्छ राहिलं की गिऱ्हाईक गप्प. दाखवायचा परकर घरी आधीच धुऊन आणलेला असे, ही धंद्यातली गोष्ट झाली. ती ज्याला कळत नाही त्यानं दुकान टाकू नये.

पण पुढं पुढं बादलीपुढं माणूसच उभा राहीना. शाळांचे गणवेश मोठ्या कारखान्यांनी पळवले. परकर नेसणाऱ्या बायका गाऊन घालू लागल्या. माझ्याकडच्या बायका दुपारीच हात झाडून मोकळ्या व्हायच्या आणि मशिनीवर शेंगा फोडत बसायच्या. आणखी थोडे दिवस असेच गेले असते तर शेडला कुलूपच लावावं लागलं असतं. अशा वेळी पुण्याच्या मॅडम आल्या.

त्यांचं पुण्यात कपड्यांचं दुकान. निसर्गाला त्रास न देता केलेले कपडेच त्या विकतात. मी त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला, पण त्या बसल्याच नाहीत. सरळ शेडमागं गेल्या. तिथं आमचा नाला आहे आणि परकर रंगवलेलं पाणी आम्ही त्यात सोडत असू. एकदा एका मेंढपाळाची मेंढरं त्यात उतरली आणि गुलाबी पाय घेऊन घरी गेली. तो भांडायला आला तेव्हा मी त्यालाच विचारलं होतं, की एवढा पक्का रंग फुकटात लावून दिला, त्याचे पैसे कोण देणार?

मॅडमनी नाला बघितला, कातरणाची जळकी राख बघितली आणि एकेक अट सांगायला लागल्या. रसायनाचा रंग नको. प्लॅस्टिकचं बटण नको, नारळाच्या करवंटीचं लावा. कातरण जाळू नका, उशांमध्ये भरा. प्लॅस्टिकची पिशवी बंद. पाणी जपून वापरा. प्रत्येक अटीला माझं डोकं तापत होतं, आणि प्रत्येक अटीला मी म्हणत होतो, “आमच्याकडं तसंच असतं, मॅडम.”

“मग हा नाला निळा कसा, काका?”

नाल्यापेक्षा ‘काका’ जास्त लागलं. मी म्हणालो, “तो शेजाऱ्यांचा असेल.” शेजारी गॅरेज आहे.

मॅडम म्हणाल्या, पिवळे कुडते करा. नमुना पसंत पडला तर वर्षभर काम देते. वर्षभर! मी शेंगा फोडणाऱ्या बायकांकडं बघितलं आणि हो म्हणून टाकलं. पिवळा रंग झाडापासून कसा काढतात याची मला काडीची माहिती नव्हती. पण हो म्हणायला माहिती कशाला लागते?

माहिती साडूकडं होती, असं साडूच म्हणायचा. तो परंड्याचा. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा, म्हणून मानानं माझ्यापेक्षा मोठा, आणि हे तो पाण्याचा तांब्या घेतानासुद्धा विसरू देत नाही. जगात जे जे आहे ते त्यानं आधी करून सोडून दिलेलं असतं. मी फोन केल्यावर तो पिवळं फडकं घेऊनच आला. दबलेला, मोहरीसारखा पिवळा रंग.

“डाळिंबाची साल आन् तुरटी,” तो म्हणाला. “साबणानं न्हाय जायाचा. तुमी घासून बगा.”

मी घासून बघितलं. खरंच नाही गेला. लगेच मॅडमना फोनवर ‘डाळिंबाच्या सालीचा रंग’ म्हणून सांगूनही टाकलं. मग भाव निघाला, आणि इथं मी माझी हुशारी केली.

बैलबाजारात सौदा तोंडानं होत नाही. दोघं हात मिळवतात, वर रुमाल टाकतात आणि खाली बोटं दाबून भाव सांगतात. बाजूला उभ्या माणसाला काही कळत नाही. मी बैल कधी विकला नाही, पण बैलबाजारात टॉवेल विकता विकता ही विद्या उचलली होती आणि तिचा मला गर्व होता. दारात बायको उभी. साडूचा भाव पाडताना तिनं बघितलं असतं तर तिच्या बहिणीपर्यंत गेलं असतं आणि आठवडाभर माझी भाकरी करपली असती. म्हणून मी साडूचा हात धरला आणि त्यानंच आणलेलं ते पिवळं फडकं वर टाकलं.

त्यानं बोटं दाबली. मी त्यातली अर्धी सोडवली. त्यानं पुन्हा दाबली, मी पुन्हा सोडवली. त्याचं तोंड हसरं होतं, पण बोटं घामेजली होती. शेवटी त्याचं एकच बोट माझ्या मुठीत उरलं आणि तेही मी निम्म्या पेरावर धरलं.

“पाव्हणं,” तो म्हणाला, “ह्येच्या खाली हात तोडून द्यावा लागंल.”

“मग झालं म्हणा.”

“झालं.”

त्या रात्री मी स्वतःवर इतका खूश होतो की जेवताना दोनदा हसलो. बायकोनं विचारलं, “कुणाला बुडवून आलाव?”

कापड परंड्याला गेलं आणि रंगून आलं. गठ्ठा सोडला तर डोळे दिपावेत असा पिवळा. नमुन्यात नव्हतं एवढं तेज. मला वाटलं, साडूनं साल जास्त घातली. आपल्या बोटांची कमाई! बायकोनं तागा नाकाला लावला.

“ह्येला लगीनघराचा वास येतोय.”

“तुला काय कळतंय त्यातलं?” मी म्हणालो. हे वाक्य मी आयुष्यात ज्या ज्या वेळी म्हणालो आहे, त्या त्या वेळी ते मला महागात पडलं आहे.

कुडते शिवून झाले. करवंटीची बटणं लागली. मॅडम आल्या त्या दिवशी साडूलाही बोलावून घेतलं होतं, कारण मॅडम काही विचारतील आणि उत्तर देणारा कुणीतरी असावा. मॅडमनी कुडता हातात घेतला, फिरवून बघितला, म्हणाल्या, “छान आहे. पण रंग फारच उजळ वाटतो.”

त्या एवढंच म्हणाल्या होत्या. कुणीही बादली मागितली नव्हती. पण शंका ऐकली की माझा हात बादलीकडंच जातो. आणि तो कुडता मी आधी घरी धुतला नव्हता. का, तर मॅडमनी पाणी जपून वापरा असं सांगितलं होतं. सगळ्या अटींपैकी मनापासून पाळलेली ही माझी पहिलीच अट.

“बघा आता,” मी म्हणालो. बायकांना मशिनी थांबवायला लावल्या, कुडता बादलीत बुडवला आणि साबणाची वडी छातीवरून फिरवली.

कुडता लाल झाला.

गुलाबी नाही, केशरी नाही, लाल. जिथं जिथं वडी फिरली तिथं तिथं बकरं कापल्यासारखा लाल. माझे हातही लाल. मी घाबरून आणखी जोरात घासलं, तसा तो आणखी लाल झाला. मॅडम दोन पावलं मागं सरकल्या.

“काका, ह्यात काय टाकलंय?”

मी साडूकडं बघितलं. साडू पत्र्याकडं बघत होता. मशिनीवरची एक बाई तोंडाला पदर लावून म्हणाली, “आगं बया, कुक्कू झालं!”

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. हळदीत चुना कालवला की कुंकू होतं, हे आमच्याकडं शेंबड्या पोराला ठाऊक असतं. साबणही चुन्याच्याच जातीचा. माझ्या स्वतःच्या लग्नात हळदीचं धोतर धुताना आईनं ते लाल झालेलं मला दाखवलं होतं. सगळं ठाऊक होतं. फक्त आपण हळद विकत घेतली आहे, एवढंच ठाऊक नव्हतं.

साडू मात्र आता पुढं झाला. “काय घाबरायचं न्हाय, मॅडम.” त्यानं माझ्या बायकोकडून चिंचेचं पाणी मागवलं आणि बादलीत ओतलं. कुडता पुन्हा पिवळा! बायकांनी टाळ्या वाजवल्या. साडूनं मान तुकवली. मी, लाल हातांनी, खुळ्यासारखी एक टाळी वाजवली.

मॅडम हसल्या, पण त्यांना फसवणं सोपं नव्हतं. “हळद आहे ना? आणि उन्हात काय होतं?”

साडू पुन्हा पत्र्याकडं बघायला लागला.

“उडते,” मॅडमनीच सांगितलं. “नैसर्गिक आहे, पण मला टिकणारं हवंय. तुम्ही सालीचं म्हणाला होतात. सालीचं करून दाखवा, मगच काम. आणि काका, ती पाटी काढा. झाडाचा रंग हळूहळू फिका होतोच. तसं कपड्यावर लिहून विकायचं.”

गाडी हायवेला लागली आणि मी साडूवर तुटून पडलो. काय काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. शेजारच्या गॅरेजवाल्यानं काम थांबवून ऐकलं. मग साडूनं विचारलं,

“मला सांगा पाव्हणं, सौदा कशाचा झाला?”

“सालीचा!”

“हात धरल्यावर तुमी ‘साल’ म्हनला? म्या ‘साल’ म्हनलो? बोटं दाबली ती भावाची. त्या भावात रसवाल्यांच्या दारात साली येचत हिंडायला माणूस न्हाय मिळत. माझ्याकडं किडलेली हळद पडली हुती. त्या भावात तीच बसती.”

“अरे पण फडकं सालीचं होतं ना वर!”

“व्हय,” साडू म्हणाला. “फडकं वर हुतं. सौदा खाली हुता.”

यावर माझी बायको हसली. माझी, त्याची नव्हे.

पुढचे दिवस मी हायवेवरच्या रसाच्या गाड्यांवर डाळिंबाच्या साली मागत हिंडलो. एकेकाळी फेकून देण्याचीच ती वस्तू, पण मी मोटारसायकल थांबवून चौकशी केली की रसवाला तिचा भाव सांगायचा. माझ्यासारखा माणूस कचऱ्यासाठी घासाघीस करतोय, हे बघायला ट्रकवाले थांबायचे. साली वाळवल्या, उकळल्या, तुरटी घातली. घरी बादलीत गुपचूप आधी मीच घासून बघितलं. टिकला. मॅडमनी काम दिलं. बायका आता शेंगा फोडत नाहीत. पाटी उतरवली, आणि माझ्याच शेडमधून ‘हा रंग काळानुसार फिका होईल’ अशा पट्ट्या शिवलेले कुडते पुण्याला जातात. यात्रेत मी असं ओरडलो असतो तर लोकांनी चपलांनी मारलं असतं. नाल्याचं पाणीही आता चहासारखं दिसतं. परवा तो मेंढपाळ त्यात मेंढरं घालून मुद्दाम माझ्याकडं बघत उभा होता. कुणाचे पाय रंगले नाहीत. मलाच थोडं चुकल्यासारखं वाटलं.

हळदीचे कुडते मात्र पडून आहेत. ते मीच घालतो, टाकून देण्याची माझी जात नाही. मोटारसायकलवर पुढून ऊन लागतं, म्हणून छाती पांढरी पडली आहे आणि पाठ अजून पिवळी आहे. समोरून मी पुढारी दिसतो आणि मागून नवरदेव. धुताना साबण राहिला आणि वर घाम आला की काखेत लाल होतो. सासरवाडीला गेलो की पोरं विचारतात, “काका, हळद उतरली का न्हाय अजून?”

काम आलं म्हणून फसवणूक फिटत नाही. म्हणून साडूला इथं चारचौघांत विचारतो. बोटं किती दाबली ते मला आठवतं, तुम्हालाही आठवतं. त्यातलं प्रत्येक बोट भावाचं होतं. मग हळदीचं बोट कोणतं होतं? दिवाळीला सगळे जमणार आहेत, तुम्हीही येणार आहात. सगळ्यांसमोर, रुमाल न टाकता, उघड्या हातानं ते बोट मला दाखवा.