तिसऱ्यांदा ब्रेक दाबला तेव्हा

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायको गेली, तिलाही सांगितलं नाही—आणि तिच्यापासून माझं एरवी काही लपत नसे. तुम्हाला सांगतोय, कारण... जाऊ द्या. कारण शोधत बसलो तर पुन्हा गप्पच बसेन.

पन्नास सालानंतरची ती वर्षं. चिंचवडात मुंबई-पुणे रस्त्याला लागून माझं पत्र्याचं गॅरेज होतं. मोटारीच्या वायरिंगमध्ये पिंपरीपासून चाकणपर्यंत माझा हात धरणारा कुणी नाही, असं लोक म्हणायचे. खरं सांगू? लोक कमी, मीच जास्त म्हणायचो.

गावातल्या डॉक्टरांकडे लढाईच्या आधीची एक जुनी मोटार होती. सोपानदादा तिचा ड्रायव्हर—महाळुंग्याचा, एके काळचा पैलवान गडी. माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, तरी मला अहोजाहो करायचा. एकदा तो मोटार घेऊन आला. ब्रेकचा दिवा लागत नव्हता. आता, त्या दिव्यावर तेव्हा कोण विसंबायचं? थांबायचं असलं की ड्रायव्हर उजवा हात खिडकीबाहेर काढून वर धरायचा, मागचा समजून घ्यायचा. मी हसलो, म्हटलं, एवढी घाई कसली? त्यानं इकडंतिकडं बघितलं.

"मिस्त्री, खांदा धरलाय. हात वर जात न्हाई. डाक्टरांना कळलं तर उद्या घरी बसवतील. तेवढा दिवा नीट करा. तुमच्याबिगर कुनाला बोललो न्हाई."

मग मी बघितलं. पेडलपाशी एक स्विच असतो. पाय दाबला की तो करंट पुढं सोडतो आणि मागचा तांबडा दिवा लागतो. मी स्विचच्या दोन्ही वायरी एकमेकींना टेकवल्या, दिवा लागला. झालं, स्विच गेलाय. खरं तर एवढ्यावर थांबायचं नसतं. जुन्या वायरीला कापडाचं वेष्टण, आत तार तुटली तरी वरून कळत नाही—कधी टेकते, कधी सुटते. पण ते शोधायचं म्हणजे सीट काढा, खालच्या फळ्या उचला. कोण करतो? बाकड्यावर बसलेल्या चार माणसांदेखत मी छातीठोक सांगून टाकलं, स्विचच गेलाय. पुण्याहून नवा मागवला.

नवा बसवल्यावर आमची नेहमीची रीत. एकानं पेडल दाबायचं, दुसऱ्यानं मागं उभं राहून 'लागला' म्हणून ओरडायचं. पेडलवाल्याला दिवा दिसत नाही, त्यानं ओरडणाऱ्याच्या शब्दावर जायचं. सोपानदादानं दाबलं, लागला. पुन्हा दाबलं, लागला. तिसऱ्यांदा दाबलं.

नाही लागला.

बाकड्यावर तीच चार माणसं. तिथून दिवा दिसत नव्हता, पण माझं तोंड दिसत होतं. स्विच गेलाच नव्हता, माझं चुकलं—हे त्यांच्यासमोर म्हणायचं? मी? मी ओरडलो, "लागला." नेहमीपेक्षा जरा जोरातच.

मनाशी म्हटलं, दोनदा लागला ना, मग लागेल. आठ दिवसांनी मोटार बोलावून बघू. बोलावली का? नाही.

पंधरवड्यात कासारवाडीजवळ बैलगाडी आडवी आली. सोपानदादानं ब्रेक दाबला आणि मागून ट्रक आदळला. डॉक्टरांच्या आई मागच्या सीटवर होत्या, त्यांचा पाय मोडला. डॉक्टरांनी माझ्यासमोर विचारलं, दिवा चालत होता का? मी तोंड उघडायच्या आत सोपानदादाच बोलला. "दिवा चालूच व्हता. मिस्त्रींनी तीन-तीनदा बघितला. माझाच हात बाहेर निघाला न्हाई." खांद्याचं त्यानं स्वतःच सांगून टाकलं. नोकरी त्याच दिवशी गेली. आणि मी काय केलं? मान हलवली.

मोटार दुरुस्तीला माझ्याकडंच आली. फळ्या उचलल्या, तर सीटखाली वायर आतून तुटलेली. कापून काढली आणि शेगडीत घातली. नवी ओढली. कुणी बघितलं नाही.

दोन महिन्यांनी सोपानदादा गॅरेजवर आला. गावी दुसऱ्याची गुरं राखत होता. मला वाटलं, ह्याला कळलं. पण त्यानं हात जोडले. म्हणाला, "मिस्त्री, माझ्यापायी तुमच्या कामाला बोल लागला. लोक म्हनत्यात, दिवाच खराब असंल. मी भेटंल त्याला खरं सांगतोय, पर तुमची माफी मागायची राहिली व्हती."

तेव्हा तरी सांगता आलं असतं. बाकडं रिकामं होतं, आम्ही दोघंच होतो. मी त्याला बसवलं, चहा मागवला. त्याच्या त्याच दुखऱ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, जाऊ द्या सोपानदादा, चूक माणसाच्याच हातून होते. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

मी त्याला माफ केलं.