घणाच्या हातात ब्रश

"ब्रश? दाराला रंग द्यायचाय का गाण्याला?"

"अरे, ड्रमवाल्यांचाच असतो हा. बारीक तारांचा. कातड्यावरून नुसता फिरवायचा. सुर्र… सुर्र…"

"म्हणजे वाजवायचं नाही. झाडून काढायचं."

"तुला ना, कळूनच घ्यायचं नसतं," साडू म्हणाला आणि गळ्याभोवतीचा मफलर त्यानं नीट केला. मफलर नवा होता. गाणं मऊ करायचं ठरल्यापासून साडूनं स्वतःलाही मऊ करायला घेतलं होतं. आधी दाढी कोरली, मग काळे बनियन सोडले, आता हा मफलर.

ड्रममागं बसलेल्या घणाचं घण हे खरं नाव नव्हे, पण आईसुद्धा त्याला त्याच नावानं हाक मारायची. गॅरेजमध्ये चेपलेल्या गाड्यांचे पत्रे सरळ करायचं त्याचं काम. दिवसभर हातोडी, संध्याकाळी ड्रम. त्याच गॅरेजच्या मागच्या पत्र्याच्या खोलीत वीसेक वर्षं त्यांचा हेवी मेटल बँड चालला होता. नाव कानठळी. साडू गायचा, म्हणजे गुरगुरायचा. शाळेत गणित शिकवणारे मास्तर गिटार तासायचे आणि औषधाच्या दुकानातला जाड्या चारच तारांची बेस गिटार धरून भिंतीसारखा उभा राहायचा. चौघं मिळून असा काही दणका उडवायचे की गॅरेजच्या रॅकवरचे पाने नाचत खाली यायचे.

आणि आता साडूला साक्षात्कार झाला होता. म्हणे बँड प्रौढ झाला पाहिजे. म्हणे गाण्यात चाल पाहिजे, गोडवा पाहिजे, लोकांना घरी गेल्यावर गुणगुणता आलं पाहिजे. खरं काय ते जाड्यानं घणाला आधीच सांगितलं होतं. साडूचा घसा बसला होता, आणि डॉक्टरनं दम दिला होता की पुन्हा ओरडलास तर खुणांनी बोलायची सवय लावून घे. तेवढं सरळ सांगितलं असतं तर घणानं मुकाट्यानं ब्रश उचलला असता. पण नाही. दात पडले म्हणून कोल्हा शाकाहारी झाला आणि वर आम्हालाच प्रवचन!

"आणि मी नाही फिरवला ब्रश, तर?" घणानं विचारलं.

साडू मफलरशी चाळा करत बसला. मास्तर खाली बघत म्हणाले, "तशी एक पेटी आणलीय मी. बटण दाबलं की ठेका चालू. एका लयीत वाजते, तक्रार करत नाही."

घणानं पेटीकडं बघितलं. जेवणाच्या डब्याएवढी. वीस वर्षांच्या जागेवर हा डबा बसणार! त्यानं ब्रश घेतला. "चालेल. बघू तुमचा गोडवा."

तालमी सुरू झाल्या. साडू आवाज जपायचा म्हणून शब्द म्हणायचाच नाही, नुसतं हं-हं करायचा. मास्तर डोळे मिटून एकेक तार छेडायचे, जणू तिला लागेल. घण ब्रश फिरवायचा आणि शिव्या गिळायचा. घरी बायको म्हणाली, "हल्ली कान दुखत नाहीत म्हणे शेजाऱ्यांचे."

"दुखतील कसे? आम्ही आता गाण्याला पावडर लावतो."

कार्यक्रम होता वाचनालयाच्या सभागृहात. लोक चक्क खुर्च्यांवर बसले होते. पहिल्या रांगेत घणाची आणि साडूची बायको, दोघी बहिणी, आणि मधे सासरेबुवा. सासरेबुवा वजनकाट्यावर नोकरी करून निवृत्त झाले होते, पण समोर येईल त्याला तोलायची खोड गेली नव्हती. जावयांच्या प्रत्येक कार्यक्रमाला ते पहिल्या रांगेत असत, कानात कापूस घालून. आज कापूस नव्हता. थोरल्या लेकीनंच सांगितलं होतं, "बाबा, आज लागणार नाही."

दोन नवी गाणी झाली. नवी एवढीच होती. टाळ्याही आल्या, जांभई देताना तोंडावर हात ठेवावा तशा. मग मागून कुणी जुना चाहता ओरडला, "काटा! काटा होऊ दे!" काटा म्हणजे त्यांचं सगळ्यात गाजलेलं गाणं. साडू खूश झाला. मास्तरांनी हळुवार तार छेडली, घणानं ब्रश टेकवला आणि साडूनं डोळे मिटून, मधात बोट बुडवून काढावं तसा आवाज लावला:

"काट्यावर बसलाय म्हातारा, येईल त्याला तोलतो…"

घणाचा हात क्षणभर अडखळला. वीस वर्षं त्याला वाटत होतं, साडूनं लिहिलेलं हे गाणं जगबुडीचं आहे. त्या गदारोळात शब्द कुणाच्या बापाला ऐकू आले होते?

"दोन पोरी दिल्या दोन गाढवांना, उठता-बसता बोलतो…"

इथं साडूचे डोळे उघडले. जिभेला वीस वर्षांची सवय, ती थांबेना. पहिल्या रांगेत सासरेबुवा पुढं वाकले. साडूनं पाठीमागं हात नेला आणि बोटांनी खूण केली: जोरात! अरे, जोरात वाजव!

घणाला खूण दिसली. काठ्या पायाशीच होत्या. उचलून दोन दणके घातले असते तर पुढचं सगळं झाकलं गेलं असतं. तो वाकलासुद्धा. तेवढ्यात पुढची ओळ आली:

"एक गाढव गळा काढतं, दुसरं नुसतं ठोकतं…"

घण पुन्हा सरळ बसला. आणि त्यानं ब्रश असा फिरवला की झोपल्या मांजराची झोप मोडू नये. सभागृहात सुई पडली तरी ऐकू आली असती. शब्द तर शेवटच्या रांगेपर्यंत पोचले. साडूची बायको पदरात तोंड खुपसून हसत होती की रडत होती, कळायला मार्ग नव्हता. गाणं संपल्यावर सासरेबुवा उठले, स्टेजजवळ आले आणि म्हणाले, "आज पहिल्यांदा कळलं तुमचं गाणं. पुन्हा घरी आलात की हेच म्हणा." आणि चालते झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडू गॅरेजमध्ये हजर. मफलर नव्हता.

"घण्या, ते मऊ-बिऊ राहू दे. तूच खरा. पुन्हा दणक्यात वाजवायचं."

"घशाचं काय?"

"मी हळूच म्हणेन. तू वाजव ना जोरात. नेहमीसारखं… झाकून घे."

घणानं हातोडी खाली ठेवली. "मला वाटायचं, मी वाजवतोय. तू तर माझं पांघरूण करून घोरत होतास रे!"

"गाढव मीही होतो त्यात."

"हो, पण तुला माहीत होतं."

साडू पडेल आवाजात म्हणाला, "शुक्रवारी येतोस ना?"

"येईन. माझ्या काठ्या घेऊन. तुझ्या घशाला झेपेल तेवढं तू म्हण. पण शब्द आधी मला वाचून दाखवायचे, इथं, सगळ्यांसमोर. आणि तो डबा मास्तरांना म्हणावं शाळेत न्या, पोरांना पाढे म्हणायला होईल."

"आणि सासरेबुवांना काय सांगू?"

"ते तुझं तू बघ. मी काय, नुसतं ठोकतो."

साडू निघाला. घणानं गाडीचा चेपलेला दरवाजा पालथा घातला, खालून लोखंडी ठोकळा लावला, आणि हातोडी उचलली.