रत्नम्मा अक्कांचा पालु

रत्नम्मा अक्कांचं नाव आधी लिहितो, मग बाकीचं. दादाला बंगलोरला ज्यांनी आसरा दिला आणि शेवटी मलाही सावरलं, त्या या. त्यांचं नाव आपल्या चर्चच्या मंडळीला कळावं म्हणूनच लिहायला बसलो. नाहीतर सातवीत शाळा सोडलेल्यानं प्रवासाचं काय लिहावं!

दादा तिथं कारखान्यात फिटर होता. तो आजारी असल्याची तार आली. आई गुडघ्यांनी अधू, म्हणून मी निघालो. निघताना ती एवढंच म्हणाली, "त्याला घेऊन ये. परक्यांत ठेवू नकोस."

पुण्याहून छोट्या रुळांची गाडी. मिरजेपुढं डब्यातली मराठी उतरत गेली, हुबळीनंतर पाणीही मी खुणेनं मागू लागलो. आपण चुकीच्या गाडीत तर नाही ना, हे प्रत्येक स्टेशनात विचारायचो. उत्तर कळायचं नाही, ते निराळंच.

बंगलोरला आभाळ भरलेलं, थंडी, बारीक झिमझिम. दादासारखं नाक बघून अक्कांनी मला फलाटावर ओळखलं. त्या विधवा, शिवणकाम करून राहणाऱ्या, तिथल्या कन्नड मंडळीतल्या. दादा त्यांच्या मागच्या खोलीत राहायचा. आधी त्यांनी मला जेवू घातलं: मुद्दे (नाचणीचा उकडलेला गोळा) आणि सारु (पातळ आमटी). मी मुद्दे चावत बसलो, ते दातांना चिकटलं. चावायचं नाही, गिळायचं, असं त्यांनी गळ्यावर बोट फिरवून दाखवलं.

इस्पितळात दादा निम्मा उरला होता. तेवढ्यात व्हरांड्यातून एक तमिळ बाई "पाल, पाल" म्हणत आली. मी दचकून भिंतीकडे पाहिलं. दादाला हसू आवरेना.

"अरे, यांच्यात दुधाला पाल म्हणतात. मी रोज एक पाल पितो, आईला सांगू नकोस."

हसता हसता त्याला खोकल्याची उबळ आली. त्यानंतर तो हसल्याचं मला आठवत नाही. प्रवास झेपणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्याच आठवड्यात दादा गेला.

देह गावाकडे नेणं शक्य नव्हतं. कबरस्तानात सिल्व्हर ओकची झाडं निथळत होती. माती तांबडीलाल, आपल्याकडच्यासारखी काळी नाही. घरचा माणूस म्हणून पहिली मूठमाती मी दिली. दुसरी द्यायला आमचं कुणी नव्हतं. आईचे शब्द कानात होते आणि मी दादाला परक्यांतच ठेवत होतो.

तेव्हा अक्का पुढं आल्या, माझ्यासमोर हात पसरून म्हणाल्या, "नम्म पालु."

सकाळपासून पोटात काही नव्हतं. मला वाटलं, दूध घे म्हणताहेत. मी म्हणालो, "पाल नको, अक्का." त्या हलल्या नाहीत. हातही मागं घेतला नाही.

तिथल्या चर्चचे पाळकसाहेब धारवाडकडचे, त्यांना मराठी येत होती. ते हळूच म्हणाले, "दूध नव्हे रे. कन्नडमध्ये पालु म्हणजे वाटा. त्या आपला वाटा मागतायत. चर्चमध्ये प्रभुभोजनाला त्या आणि तुझा दादा एका मेजाशी बसायचे. तू हो म्हटल्याशिवाय माती कशी देतील?"

सहभागिता हा शब्द मी चर्चच्या रविवारच्या शब्बाथशाळेत घोकून बक्षीस मिळवलं होतं. एका बाकावर बसून गाणी म्हणायची, एवढाच त्याचा अर्थ मला ठाऊक. या गावात आल्यापासून देणाऱ्या अक्का आणि घेणारा मी. आता त्याच माझ्यापुढं हात पसरून उभ्या होत्या, आणि मागत होत्या ते माझं दुःख.

मी त्यांच्या तळव्यावर माती ठेवली. ती त्यांनी दिली. मग पुन्हा वाकून आणखी एक मूठ उचलली, मला दाखवली. "इदु अम्मन पालु."

हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. ही आईची मूठ होती. अक्कांमागून सगळी मंडळी माती द्यायला आली.

परतताना मिरजेला मराठी कानावर पडली, पण बरं वाटलं नाही. शेजारची जागा रिकामी होती. घरी आईनं एकच विचारलं, "माती कुणी दिली?"

"मी. आणि तू," मी म्हणालो, आणि सगळं सांगितलं. माझ्या बाहीवरचा तांबडा डाग ती चाचपत राहिली. तो सदरा तिनं अजून धुऊ दिलेला नाही.

अक्कांच्या मागंपुढं कुणी नाही. त्यांची वेळ येईल तेव्हा तार माझ्या नावानं करा, असं पाळकसाहेबांना सांगून आलोय. गाडी कुठली, ते आता कुणाला विचारावं लागणार नाही. मी जाईन आणि त्यांच्यासाठी दोन मुठी माती देईन. एक माझी, एक आईची.