कासारीणमामीचा हिरवा

कासारीणमामी गावात आली की आधी तिचा आवाज यायचा, मग बांगड्यांचा. शिरूरहून डोक्यावर टोपली घेऊन ती चालत येई. मला ती बिलकूल आवडत नसे. बांगडी चढवताना हात असा दाबायची की मनगट निखळावं. वर मलाच, "हात ढिला सोड की गं! लाकूड हाय का?"

"हिरव्या दाखव," असं मोघम बोलणाऱ्या बाईवर तर ती उखडायचीच. "कंचा हिरवा? पोपटी का मेंदीचा? चुडा म्हंजे गर्द हिरवा, बाकी समदे पोरींचे खेळ." हाच शब्द ती माणसांनाही लावी. मी नवी नांदायला आले तेव्हा म्हणाली, "लई हिरवी हायस अजून." ओट्यावरून बायकांकडे टक लावून बघणाऱ्या म्हाताऱ्या पाटलाला तिने तोंडावर 'हिरवट' म्हटलं होतं. निजामाच्या राज्यात पाटलाला असं बोलायची छाती आमच्या गावात पुरुषांचीही नव्हती.

आमचे मालक नोकरीसाठी हैदराबादेला गेले, ते तीन वर्षं खबर नाही. कुणीतरी प्लेगची आवई आणली आणि सासूबाईंनी माझं कुंकू पुसायचं ठरवलं. मामी तेव्हा नेमकी दारात बसली होती. "हिला नको भरू," सासूबाई म्हणाल्या, "हिचं संपलं आता."

"मढं पाह्यलं का कुणी? न्हाई ना? मग तुमी कोन पुसनार?" मामीने मला खाली ओढलं आणि दोन्ही हातांत गर्द हिरवा चुडा भरला. त्यानंतर सात वर्षं दर सणाला तिने तेच केलं. त्या चुड्यामुळे मला हळदीकुंकवाची बोलावणी येत राहिली. तिच्यावर माझा जीव जडला, हे कबूल करते.

शेवटची आली तेव्हा तिचे पाय सुजले होते. "आता येनं हुयाचं न्हाई. एक सांगते. तुजा मालक जित्ता हाय. जालन्याच्या बाजारात दुसरीला संगं घेऊन आलता. मला बघून मान खाली घातली त्यानं."

"कधी?"

"तुजी सासू कुंकू पुसाया निगाली, त्याच्या आदल्या साली."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढी फाटक्या तोंडाची बाई, आणि नेमकं हेच पोटात ठेवलं! सात वर्षं माझा हात हातात घेऊन गप्प बसली.

"आन् तिला कंच्या भरल्यास?" मी तिच्याच बोलीत विचारलं.

"हिरव्याच," ती म्हणाली.

"जा तू," मी ओरडले. ती टोपली उचलून गेली. हातातला चुडा फोडायला मी खाली वाकून दगड शोधला. पण सासूबाई उंबऱ्यात उभ्या राहून माझ्या मनगटांकडेच बघत होत्या. मी दगड तसाच टाकून दिला.