आंबेनळीतून घरी, एका ‘गो’साठी

पुण्यातल्या एका जुन्या, नावाजलेल्या खासगी कॉलेजात मी शिकते. दगडी इमारत, मोठं वाचनालय आणि खिडक्या इतक्या उंच की बाहेर नुसतं आभाळ दिसतं. सगळं छान आहे. पण दुसरं वर्ष निम्मं सरलं तरी वर्गात माझं तोंड हजेरीपुरतंच उघडतं. चर्चा सुरू झाली की मी मनात आधी वाक्य शुद्ध करते, आणि ते होईतो तास संपलेला असतो.

गेल्या महिन्यात हॉस्टेलवर आईचा फोन आला. तो स्पीकरवर होता. “काय गो, जेवलीस?” आईने विचारलं. त्यावर रूममेट सई म्हणाली, “तुझी आई सारखं गो, गो काय म्हणते? कुठे जा म्हणते?” खोलीतल्या सगळ्या हसल्या. सई मनाने वाईट नाही. मी स्पीकर बंद केला, पण तोवर आईने ते ऐकलं होतं. पुढच्या फोनपासून आई ‘अगं’ म्हणू लागली. मला काही ते सोसेना. दिवाळीची सुट्टी लागताच निघाले.

तुम्हाला आमच्या गावी जायचं असेल तर स्वारगेटहून वाईमार्गे महाबळेश्वर आणि तिथून पोलादपूरची एसटी. बायकांना अर्धं तिकीट. पोट नाजूक असेल तर महाबळेश्वरात चहावर भागवा, कारण पुढे आंबेनळी घाट आहे आणि तो कुणाची भीडभाड ठेवत नाही. पावसाळ्यात दरडी कोसळतात, तेव्हा चौकशी करूनच निघा. महाबळेश्वरला पर्यटक उतरले आणि गाडी जवळजवळ रिकामी झाली. आमच्या फाट्याचं तिकीट मागितल्यावर कंडक्टरने विचारलं, कुणाकडे पाहुण्या निघालात? माझंच घर आहे, म्हटलं. पण ते मलाही खोटंच वाटलं.

फाट्यावरून वाडीपर्यंत उतार आहे. गणपतीला आलेले मुंबईकर केव्हाच परतलेले, त्यामुळे निम्म्या घरांना कुलपं. बाबाही मुंबईत, कॅन्टीनमध्ये कामाला. आई दारात उभी होती. “ये. प्रवास कसा झाला?” म्हणाली, आणि ताटलीत ग्लास ठेवून पाणी दिलं. आमच्याकडे तसं पाहुण्यांना देतात.

दोन दिवस वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी, सुकट असं सगळं आवडीचं खाल्लं. शेजारच्या काकीशी आई ‘हाय-नाय’ करत भरभरून बोलायची. मी जवळ गेले की तिचं बोलणं इस्त्री केल्यासारखं व्हायचं. शेवटी चुलीपाशी मी विचारलंच, आये, अशी का बोलतेस?

भाकरी उलटत ती म्हणाली, “टीव्हीवर ऐकून शिकते आहे. तुझ्या मैत्रिणींत तुला मान खाली घालायला नको.”

मी चुलीतलं लाकूड आत सारलं. आईच्या शेजारी बसून इतकं एकटं मला कधीच वाटलं नव्हतं.

निघताना ती फाट्यापर्यंत आली. एसटी आली, मी चढले, बेल वाजली. तेवढ्यात मागून ओरडणं ऐकू आलं, “भाकऱ्या ऱ्हायल्या गो! थांब गो!” आई पिशवी उंच धरून धावत होती. कंडक्टरने गाडी थांबवली. खिडकीतून पिशवी देताना तिला कळलं आपण काय बोललो ते, आणि तिने पदर तोंडाला लावला. प्रतापगडाचा फाटा येईपर्यंत मी खिडकीकडे तोंड करून रडत होते.

हॉस्टेलवर पोचल्यावर घरी फोन लावला. सई आणि आणखी दोघी खोलीतच होत्या. मी स्पीकर सुरू केला.

“पोचलीस का अगं?” आई म्हणाली.

“पोचले गो आये.”

मग तिने हळूच विचारलं, “कोन हाय का तिथं?”

“हायेत. सगळ्या ऐकतायत.”

“मग सांग त्यांना,” आई म्हणाली, “भाकरी उद्या वातड होईल गो. आजच खावा.”